तो माफीनामा मला परत हवा आहे

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबतचे २८ जुलै २०२५ चे परिपत्रक, आणि त्यानिमित्ताने आणखी काही.

महोदय,

'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' अशी सुरुवात करायचा मोह होतो आहे. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, हाताला तेच वळण पडले आहे. पण हे पत्र 'योग्य त्या मार्गाने' येत नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढत ते आले असते, तर दर पायरीवर त्यातले एकेक वाक्य गळाले असते आणि तुमच्या टेबलावर 'आपली विश्वासू' एवढेच पोचले असते. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी ३१ मे २०२५ ला निवृत्त झाले. आता मोकळेपणाने लिहिता येईल, असा माझा समज होता. मग एका माजी सहकाऱ्याने आठवण करून दिली, की निवृत्तिवेतनसुद्धा पुढच्या 'चांगल्या वर्तणुकीच्या' अधीन असते. खरे आहे, नियमात तसे आहे. तरी लिहिते. खाली नाव मात्र देत नाही. ते भीतीने नव्हे (थोडे भीतीनेही असेल, चौतीस वर्षांची सवय दोन-चार महिन्यांत जात नाही). नाव दिले की शाळा कळेल, आणि शाळा कळली की तिथे अजून नोकरी करणारे दोघे कळतील.

आधी माझी गोष्ट सांगते. छोटीच आहे.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात 'एक राज्य, एक गणवेश' धोरण आले. तोवर गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. बाजाराच्या गावचा शिंपी शाळेत येई, व्हरांड्यात पोरांना ओळीने उभे करून मापे घेई, आणि जो पोरगा हमखास वाढणार त्याच्या चड्डीला दोन बोटे कापड आत दुमडून ठेवी. वर्षाअखेरीला ती शिवण उसवायची, की चड्डी पुन्हा मापाची. त्या वर्षी मात्र कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली. बचत गटांच्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांना पोरे कुणी दाखवलीच नव्हती, नुसते आकडे दिले होते.

जून गेला, जुलै गेला. स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर आमच्या द्विशिक्षकी शाळेत गठ्ठा आला. दुसरीच्या पोराला सदरा घातला तर तो गुडघ्याखाली, आणि चौथीच्या मुलीच्या बाह्या कोपराच्या वर. पोरे हसत होती. एक मात्र रडकुंडीला आला, कारण त्याला झेंड्याला सलामी द्यायची होती. मी कुठल्याच मुलाचा फोटो काढला नाही. तो सदरा खिडकीच्या गजाला अडकवला, त्याचा काढला, आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिले : 'इयत्ता दुसरीचा गणवेश. आमच्याकडे हा कुणाला होईल? सातवीतल्या दादाला.'

संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन आला. "बाई, ते स्टेटस काढा आधी. वरपर्यंत गेलंय." भला माणूस तो, आवाजात राग नव्हता, काळजी होती. काढले. पण तोवर स्क्रीनशॉट पंचायत समितीत जाऊन बसला होता. चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. शासनाच्या योजनेविषयी प्रतिकूल मत प्रसारित करून शासनाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल शिस्तभंगाची कार्यवाही का करू नये, तीन दिवसांत खुलासा करावा. सदरा दुसरीच्या पोराला बसतो की नाही, याविषयी नोटिशीत चकार शब्द नव्हता.

निवृत्तीला नऊ महिने उरले होते. पेन्शनची फाईल त्याच कार्यालयातून जायची होती. मुलगा म्हणाला, "आई, कशाला?" मी माफीनामा लिहिला. त्यात 'माझ्याकडून चूक झाली' असे होते. कार्यालयातले एक बाबू वाचून म्हणाले, "मॅडम, आधी 'गंभीर' घाला. नुसत्या चुकीनं फाईल बंद होत नाही." घातले. ज्या अक्षरात फळ्यावर सुविचार लिहिला, त्याच अक्षरात 'गंभीर' लिहिले.

डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला. पुढच्या वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. उशीर आणि मापे यांच्या तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या. माझ्या स्टेटसचा शासन निर्णय झाला म्हणा ना! माफीनामा मात्र फाईलमध्येच राहिला.

एवढेच झाले. कुणी तुरुंगात गेले नाही, कुणाची नोकरी गेली नाही. पण त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मी एकदाही स्टेटस ठेवले नाही. मकरसंक्रांतीचेसुद्धा नाही.

मी घरी बसल्यावर दोन महिन्यांनी सामान्य प्रशासन विभागाचे परिपत्रक आले. मी ते दोनदा वाचले. सगळेच वाईट आहे असे म्हणणार नाही. गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नयेत, द्वेष पसरवणारा मजकूर टाकू नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, बदली झाली की कार्यालयाचे खाते पुढच्या माणसाच्या हवाली करावे. हे रास्तच आहे. समाजमाध्यमांवर साहेब लोकांची रील पाहून आमच्याही भुवया उंचावल्या होत्या. शिस्त लावायला हवी होती, ती लावलीत. पण त्याच कागदात एक जुने कलम नव्या कपड्यांत आणून बसवले आहे : शासनाच्या किंवा देशातल्या कुठल्याही सरकारच्या चालू अथवा अलीकडच्या धोरणावर, कृतीवर प्रतिकूल टीका नको. मूळ १९७९ च्या नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतले. आमचे जिल्हा परिषदवाल्यांचे वर्तणूक नियम तर १९६७ चे. फरक एवढाच, की तेव्हा टीका करायला वर्तमानपत्राच्या कचेरीत जावे लागे. आता आतेबहिणीला पाठवलेला फोटोही तासाभरात जिल्ह्याच्या गावी पोचतो.

माझी पहिली आणि मोठी तक्रार या 'प्रतिकूल टीका' शब्दांविषयी आहे. टीका खरी की खोटी, हे हा नियम विचारतच नाही. शिवी दिली की हिशेब मांडला, हेही नाही. तिचा परिणाम प्रतिकूल झाला की पुरे.

उदाहरण ताजे आहे. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला, पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची. ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली. या अडीच महिन्यांत राज्यातला प्रत्येक माणूस बोलला. साहित्यिक बोलले, पक्ष बोलले, पानाच्या टपरीवर चर्चा झाली. बोलायची सोय नव्हती ती एकाच जमातीला, जी पहिलीच्या वर्गात उभी राहून ती भाषा शिकवणार होती. सहा वर्षांचे पोर 'ळ' म्हणताना जीभ कुठे अडखळवते, घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारे लेकरू पुस्तकातल्या मराठीशी किती महिने झुंजते, त्यात आणखी एक भाषा आली तर काय होते, हे आम्हाला ठाऊक होते. कुणाला हिंदी हवीशी वाटत असेल तर त्याचीही कारणे आमच्यातच सापडली असती. सगळे शिक्षक एका मताचे नसतात. पण कुणी विचारले नाही, आणि आपणहून बोलायला बंदी.

नियमातले 'चालू अथवा अलीकडच्या' हे शब्द तर कमाल आहेत. २८ जूनला जो शिक्षक त्या निर्णयाविरुद्ध बोलला असता, तो चालू धोरणावर टीका करणारा. ३० जूनला जो म्हणाला असता, 'हिंदी ठेवायला हवी होती', तोसुद्धा चालू धोरणावर टीका करणाराच! शासनाने दोन दिवसांत कूस बदलायची आणि कर्मचाऱ्याने दोन्ही कुशींवर गप्प राहायचे. आणि हा घोळ मिटून महिना व्हायच्या आत तुमचे परिपत्रक निघाले.

शिक्षक मतदारसंघ आहेत ना, असे कुणी म्हणेल. विधान परिषदेत सात आमदार शिक्षकांचे आहेत. पण त्यांना निवडायचा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. प्राथमिकच्या बाईला तेही दार नाही.

दुसरी तक्रार फोटोंची. वैयक्तिक खात्यावर शासकीय इमारत, वाहन, गणवेश यांचे फोटो आणि रील नकोत, असे परिपत्रक म्हणते. लाल दिव्याच्या गाडीसमोर केस उडवणाऱ्यांसाठी ते ठीक. पण शाळेचे गळके छतही शासकीय मालमत्ताच आहे. नळ नसलेले स्वच्छतागृहही तीच. आरोग्य उपकेंद्राचे बंद कुलूप शासकीय, आणि कुलपावरची धूळही शासकीय. माझा शेजारी दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारू शकतो, की या शाळेच्या किती खोल्या गळतात. त्याला शिक्का मारून उत्तर द्यावे लागते. ती माहिती तयार करून देणारी मीच असते. तीच माहिती मी स्वतःच्या तोंडाने सांगितली तर शिस्तभंग. २००५ चा केंद्रीय कायदा येण्याआधीच महाराष्ट्राने आपला माहिती अधिकार कायदा केला होता. त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. तो याच राज्यात झाला, हे अधूनमधून आठवावे.

तिसरी तक्रार मी वकील नसताना करते आहे, तेव्हा चुकले तर विधी विभागाने दुरुस्त करावे. सातवी-आठवीला नागरिकशास्त्र शिकवताना मी कलम १९ फळ्यावर लिहायची. अभिव्यक्तीवर बंधने घालता येतात, पण ती कुठल्या कारणांसाठी ते घटनेने मोजून दिले आहे : देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. 'शासनाची पंचाईत' असे कारण त्यात नाही. ही यादी पुरी आहे, त्यात भर घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. आणि सरकारी नोकर झाला म्हणून माणूस हे हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही, हे तर १९६२ मध्येच ठरले आहे. बिहारच्या कर्मचाऱ्यांना निदर्शने करायला बंदी घालणारा नियम तेव्हा न्यायालयाने त्या प्रमाणात रद्द केला. संपाचा हक्क दिला नाही, पण निदर्शनाचा मानला. सैन्यदले आणि पोलीस यांसारख्यांच्या हक्कांना मुरड घालण्यासाठी घटनेत वेगळे कलम ३३ आहे. त्यात शिक्षक नाही, परिचारिका नाही, ग्रामसेवक नाही, तलाठी नाही.

कोल्हापूरचे प्रकरण तुमच्या खात्याला माहीत असणारच. तिथल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसला कलम ३७० रद्द केल्याचा निषेध केला आणि पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शासनाच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि पोलीस यंत्रणेला अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय ते समजावून सांगायची वेळ आली आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या प्राध्यापकाचे मत मला पटते की नाही, हा प्रश्नच नाही. दीड वर्षाहून अधिक काळ तो माणूस एका स्टेटसपायी कोर्टाच्या पायऱ्या चढला. माझे आणि त्याचे स्टेटस एका तराजूत घालता येणार नाही. पण तो लढला आणि मी 'गंभीर' लिहिले, एवढे मात्र मला डाचते.

चौथी तक्रार लहान दिसेल, पण गावपातळीवर तीच सगळ्यात मोठी आहे. परिपत्रक कंत्राटी लोकांनाही लागू आहे. मला निदान नोटीस आली, तीन दिवस मिळाले, खुलासा करता आला. अकरा महिन्यांच्या करारावरच्या मुलीला नोटीसही येत नाही. पुढचा आदेश निघत नाही, बस्स. तिने काय लिहिले म्हणून तो निघाला नाही, हे कुठेच लिहिलेले नसते, त्यामुळे अपील कशावर करायचे? नियमित नोकराची बंधने तिला सगळी, संरक्षण एकही नाही.

आणि हो, स्तुतीला बंदी नाही. योजनेच्या यशाबद्दल लिहिता येते, स्वतःची पाठ थोपटून घ्यायची नाही एवढीच अट. म्हणजे तोंडाला कुलूप नाही, एकाच बाजूने उघडणारे दार आहे.

कुणी म्हणेल, शिक्षकांनी शिकवावे, राजकारण कशाला करता? मलाही राजकारण नकोच आहे. पक्षाचा प्रचार, निवडणुकीत कुणासाठी झेंडा, जातीधर्मावर विष, खोटी बातमी, गोपनीय कागद, फुटलेली प्रश्नपत्रिका, यांतल्या कशालाही मी पाठीशी घालत नाही. असे मजकूर टाकणारे महाभाग आमच्यातही आहेत. शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी 'शुभ प्रभात' आणि दुपारी दुसऱ्या धर्माच्या नावाने गरळ, हे मी पाहिले आहे. गंमत म्हणजे त्याबद्दल नोटीस आलेली मला आठवत नाही. १९९४ मध्ये मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार मुख्यमंत्र्यांवर जाहीर आरोप करत होते आणि निलंबित झाले, तेव्हा मी नोकरीत नवी होते. पगाराच्या दिवशी पंचायत समितीच्या आवारात त्यावरून दोन तट पडत. अधिकाऱ्याने भर सभेत मुख्यमंत्र्याचे नाव घ्यावे का, यावर तेव्हाही माझे मत ठरत नव्हते, आजही ठरत नाही. माझे मागणे तिथवर जातच नाही. सदरा मोठा आहे, एवढे म्हणायची मुभा मी मागते आहे.

आता जी पोरे आमच्या हाताखालून वर गेली त्यांच्याविषयी. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान तणावाविषयी एक पोस्ट पुढे पाठवली. धमक्या आल्यावर दोन तासांत काढली, माफीही मागितली. महाविद्यालयाने तिची बाजू न ऐकताच तिला काढून टाकले, पोलिसांनी अटक केली. परीक्षा सुरू होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायला सांगितले, निष्कासनाचा आदेश स्थगित केला, परीक्षेला बसू द्या म्हणाले. विद्यार्थिनीला गुन्हेगार करून टाकता काय, असे न्यायमूर्तींनी सरकारलाच सुनावले. ती पोस्ट चुकीची होती असे मानले तरी शिक्षक म्हणून मला एवढे कळते, की चुकलेल्या पोरीला वर्गाबाहेर काढायच्या आधी विचारतात, 'काय गं, असं का केलंस?' तिला कुणी विचारले नाही. तिनेही माफी मागितली होती, मीही. माझी माफी फाईल बंद करायला पुरली, तिची पुरली नाही. माफीचा दर कोण ठरवते?

असाच प्रसंग पालघरला २०१२ मध्ये घडला होता, फेसबुकवरच्या एका पोस्टपायी दोन तरुणींना अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली ती झाली, ते २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गृह विभागाने राजद्रोहाचे कलम कधी लावायचे याचे परिपत्रक काढले. लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोहात बसेल अशी त्याची भाषा होती. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, ऑक्टोबरमध्ये परिपत्रक मागे घेतले. म्हणजे परिपत्रके मागे घेता येतात. शासनाला त्याची सवय आहे, हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, आशेने म्हणते.

राहिले वार्ताहर. माझा भाचा तालुक्याला वार्ताहर आहे. पगार नाममात्र, जाहिरातीच्या कमिशनवर घर. तो म्हणतो, "आत्या, तू नाव देऊ नको म्हणतेस, डॉक्टर नाव देऊ नका म्हणतो, तलाठी तर फोनच उचलत नाही. मग मी लिहितो 'सूत्रांकडून समजते'. आणि साहेब म्हणतात, सूत्रं कोण ते सांग, नाहीतर बातमी खोटी." कर्मचाऱ्याचे तोंड बंद केले, की वार्ताहराचे बोरू आपोआप कोरडे पडते. त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागत नाही. राज्यात पत्रकारांवरचे हल्ले रोखायला २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. चांगले आहे. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला मोटारीने उडवले आणि ते वाचले नाहीत. ते तिथल्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी लिहीत होते. भाच्याच्या आईने तेव्हापासून त्याला रात्री मोटारसायकलवरून येऊ देणे बंद केले आहे.

आणि मार्च २०२५ मध्ये शासनाने काय केले? दहा कोटी रुपये खर्चाचे माध्यम संनियंत्रण केंद्र मंजूर केले. बातम्या गोळा करायच्या आणि सकारात्मक, नकारात्मक अशा वेगळ्या काढायच्या. खोट्या बातमीचे खंडन शासनाने जरूर करावे, तो शासनाचा हक्क आहे. पण 'नकारात्मक' म्हणजे खोटी नव्हे. 'शाळेत शिक्षक नाही' ही बातमी नकारात्मक आहे आणि खरी आहे. ती कुठल्या खणात टाकणार? आमची शाळा दोन महिने एकशिक्षकी होती, तेव्हा ती बातमी भाच्याने दिली होती. चौकटीत, आतल्या पानावर. तिसऱ्या आठवड्यात दुसरा शिक्षक आला. त्या एका नकारात्मक बातमीने चाळीस पोरांचे जेवढे भले झाले, तेवढे माझ्या सहा अर्जांनी झाले नाही.

जाता जाता एक जुनी आठवण करून देते. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शंभरावर पत्रे लिहून ज्यांनी मराठी समाजाला खडबडून जागे केले, ते लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, इंग्रज सरकारचे नोकर होते. टोपणनावाने लिहीत. आजच्या नियमात टोपणनावालाही बंदी आहे. निनावी मजकूरही वर्तणुकीत धरतात. तेव्हा हे पत्र मी नोकरीत असताना लिहिले असते तर नाव असो वा नसो, नोटीस ठरलेली होती.

मला कल्पना आहे, की हाच नियम तुम्हालाही लागू आहे. अखिल भारतीय सेवेचे वर्तणूक नियम १९६८ चे आहेत आणि शासनावरची टीका त्यांतही निषिद्ध आहे. तुम्हीही कधी एखाद्या निर्णयाच्या वेळी गप्प बसला असाल. पण तुमच्याकडे फाईलवर शेरा लिहायची सोय आहे. आमच्याकडे फाईल येते ती खुलाशाची.

तेव्हा मागण्या. साध्या आहेत, पैसे लागत नाहीत.

१. परिपत्रकातून आणि मूळ नियमांतून 'प्रतिकूल टीका' हे शब्द काढावेत. मनाई कशाला ते नाव घेऊन लिहावे : पक्षप्रचार, द्वेष, बदनामी, जाणूनबुजून खोटे, कायद्याने गोपनीय असलेली माहिती. बाकीचे मोकळे.

२. आपल्या कामाच्या जागेची वस्तुस्थिती, म्हणजे छत, पाणी, औषधे, पुस्तके, रिक्त पदे, कर्मचाऱ्याने सांगितली तर ती टीका धरली जाणार नाही, असे लेखी कळवावे. माहितीच्या अधिकारात जे मिळू शकते, ते सांगणे गुन्हा नसावा.

३. नोटिशीत कुठले वाक्य, कुठला नियम आणि ते वाक्य खोटे आहे असे कार्यालयाचे म्हणणे आहे काय, हे तिन्ही लिहिणे बंधनकारक करावे. कंत्राटी आणि मानधनावरच्यांनाही नोटीस व सुनावणी मिळावी. करार पुढे न चालवण्याचे कारण लेखी द्यावे.

४. या परिपत्रकाखाली दरवर्षी किती जणांवर, कशासाठी कारवाई झाली, ते जिल्हानिहाय जाहीर करावे. नावे नकोत, आकडे हवेत.

५. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संमत झाला, तो अजून अमलात आलेला नाही. तोवर राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतःची तरतूद करावी.

६. विद्यार्थ्याला पोस्टवरून काढून टाकण्याआधी त्याचे ऐकून घेणे प्रत्येक महाविद्यालयाला सक्तीचे करावे. पोलिसांनी अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करावी. तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत हा मार्ग वापरा, असे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे.

७. माध्यम केंद्राने 'नकारात्मक' हा खण बंद करावा. 'चुकीची बातमी' आणि 'खरी, पण कार्यवाही बाकी' असे दोन खण करावेत. दुसऱ्या खणातल्या बातम्यांवर काय केले, ते दर महिन्याला सांगावे.

आठवी मागणी माझी एकटीची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मी लिहून दिलेला एक कागद एका पंचायत समितीच्या कपाटात आहे. त्यावर माझी सही आहे आणि 'गंभीर' हा शब्द आहे. ज्या धोरणावर बोलले म्हणून तो घेतला, ते धोरण तुम्हीच बदललेत. तो कागद फाडू नका, रद्द असा शेराही नको. साध्या टपालाने, माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता पेन्शनच्या फाईलवर आहे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका